आईच्या पिशवीतलं एरंडेल

दिवस भरून वर गेले होते आणि बाळ बाहेर यायचं नाव घेत नव्हतं. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे या वेळी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. अशात आई कुहीहून नागपूरला आली. तिने आणलेले तांदूळ मी डब्यात ओतायला घेतले, तर आत खुपसलेली एरंडेलाची बाटली! घरीच काढलेलं. एरंडीच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगलेलं तेल पळीने काढून घेतलेलं.

माझं टाळकंच सरकलं. दिवस वर गेले की आमच्याकडे बायका गरम दुधातून एरंडेल पाजतात. आणि मी फार्मसी कॉलेजात शिकवते!

"मले पाजायले लपवून आणलं ना?" म्हणत मी तिथेच तास घेतला. बियांतलं विष चोथ्यात राहतं, तेलात उतरत नाही, ते ठीक. पण पोटात गेलं की या तेलातून जे आम्ल सुटतं, ते आतड्याला पिळतं तसं गर्भपिशवीलाही पिळतं. कळा येतील, पण त्या आवरणार कोण? "याही वेळी रिकाम्या हातानं घरी येऊ का?"

"काहून तापून राहिली वं? नाही पाजत," आई एवढंच म्हणाली. बाटली आपल्या पिशवीत ठेवली आणि माझे सुजलेले पाय दाबत बसली. या बाईला धड भांडताही येत नाही, याचा मला आणखी राग आला.

पुढे दवाखान्यात कळा आणल्या आणि लेक झाली. काय रडली! मी पण रडले.

घरी पहिल्या आंघोळीला आईने तीच बाटली काढली. पाय लांब करून लेकीला पायांवर घेतलं, तळहातावर तेल कोमट केलं आणि हलक्या बोटांनी टाळू भरायला लागली.

"हे टाळूसाठी होतं? मग माझं ऐकून काहून घेतलं?"

आमच्यात बाळ यायच्या आधी त्याचं टोपडंही शिवत नाहीत. मागच्या वेळी मी हौसेने सगळं आणून कपाटात ठेवलं होतं. मी दवाखान्यात होते तेव्हा ते कपाट आईने एकटीने रिकामं केलं होतं.

"तुह्या रागाले काय भ्यायचं वं," ती टाळूवरचा हात न काढता म्हणाली. "नशिबाले ऐकू गेलं असतं तं?"