अक्कलकाऱ्याच्या मुळीसाठी सुरतेला

सकाळच्या गाडीने अमळनेर सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी, एक भिंग आणि छोटा चाकू होता. भाकरी ताईसाठी, बाकीचं अक्कलकाऱ्यासाठी. माझी थोरली बहीण रत्नाताई सुरतेत कतारगामला राहते. तिचे यजमान, आमचे दाजी, तीस वर्षं तिथल्या यंत्रमागांवर कामाला. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली आणि आवाज गेला. ओठ हलत, बाहेर फक्त वारा येई. दिरांचा धोशा होता की खोली सोडा आणि गावी या. ताईने फोनवर मला बजावलं होतं, “त्या सोता सांगतीन तवयच मी खोली सोडसू. तू फक्त खरी मुळी शोधी दे.” (दाजी स्वतः सांगतील तेव्हाच मी खोली सोडेन.)

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुळीने गेलेली वाचा परत येते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. जुने वैद्य आणि हकीम जड जिभेवर अक्कलकाऱ्याची पूड मधातून लावत आले आहेत, एवढं मला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या गोळ्या आणि जिभेचे व्यायाम चालूच राहणार होते. पण ताईच्या हातात खोटा माल पडू द्यायचा नाही, हे मी ठरवूनच निघाले होते. आमच्या घरात हट्टीपणाचा वाटा मलाच जास्त आलेला आहे.

नवापूरनंतर सागाचे डोंगर लागले. समोर व्याऱ्याला उतरणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. माझं काम ऐकून त्या म्हणाल्या, “एवढ्यासाठी सुरत? आमच्या परसात आहे की. पिवळ्या बोंडाचं. दात दुखला की चावतो आम्ही.”

ते झाड वेगळं. त्याचं बोंड चावलं की जीभ बधिर होते, म्हणून आपल्याकडे त्यालाही लोक अक्कलकाराच म्हणतात. खरा अक्कलकारा भूमध्य समुद्राकाठचा, मोरोक्को आणि अल्जीरियाच्या खडकाळ उतारांवर आपोआप उगवणारा. पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली, देठ जमिनीवर पसरून टोकाशी वर उठलेले, फूल पांढरं आणि पाकळ्यांची मागची बाजू तांबूस. वरचा पाला वाळला तरी खालचं बोटाएवढं मूळ जिवंत राहतं आणि दरवर्षी पुन्हा फुटतं. औषधाला तेच मूळ खणून काढतात, म्हणजे झाडच जातं, आणि म्हणूनच तो तिकडेही दुर्मीळ होत चालला आहे. मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि उतरताना म्हणाल्या, “दात मात्र आमच्यानेही थांबतो हं.”

बारडोलीचा ऊस मागे टाकून दुपारी सुरत आली. ताईच्या गल्लीत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट सुरू झाला. दाजी दाराशी खाटेवर बसले होते. मला पाहून डोळे भरले आणि ओठ भराभर हलले. मला काहीच कळलं नाही, म्हणून मी नुसती मान हलवली आणि स्वतःचाच राग आला. ताईने त्यांचं ताट आणलं तेव्हा ओठ पुन्हा हलले. ताईने लगेच पाण्याचा पेला लावला. ते मुकाट प्यायले.

“पानी मांगतस,” ताई म्हणाली. “तेवढंच समजस माले.”

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरातल्या काष्ठौषधीच्या बाजारात जायचं होतं. सोबतीला सुपडूभाऊ आले. शिरपूरकडचे, दाजींच्या शेजारच्या मागावर वीस वर्षं काम केलेले. त्यांची रात्रपाळी नुकतीच सुटली होती, पण “नानासाठी येस मी” म्हणत ते न झोपताच निघाले; दाजींना ते नाना म्हणत. वाटेत त्यांनी मला पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) खायला घातला, वर लिंबू आणि तिखट शेव. आपला हुरडा शेतात खायचा, इथे गाडीवर मिळतो. चव तीच, फक्त शेव आपल्याकडे नसते.

पहिल्या तीन दुकानांत मला मुळ्यांच्या नावाखाली काहीही दाखवलं. एकाने तर पिवळ्या बोंडांचा चुरा पुढे केला. मी एकेक परत करत गेले आणि सुपडूभाऊ माझ्या मागे जांभया देत आले. चौथं दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं. त्यांनी बरणीतून सुरकुतलेली तपकिरी मुळी काढली. मी चाकूने आडवी कापून भिंगाखाली धरली. मधून निघालेल्या रेषा होत्या, तेलाचे बारीक काळे ठिपके होते. मला बरं वाटलं.

पण या बाजाराची रीत आहे की अक्कलकारा जिभेवर ठेवल्याशिवाय घ्यायचा नाही. चाचांनी एक कण सुपडूभाऊंना दिला. त्यांनी चघळला, कपाळाला आठी घातली.

“काहीच लागत नई, ताई. डुप्लिकेट शे.”

चाचा भडकले. “पहले मुँह का तमाकू थूको, फिर बोलो!”

खरंच, गालात तंबाखू आणि चुना. बारा तासांच्या पाळीत जागं राहायला मागावरची बहुतेक माणसं तो धरतात आणि त्यांच्या जिभेला पुढे कसलाच पत्ता लागत नाही. सुपडूभाऊ ऐकेनात, चाचा मागे हटेनात. हे भांडण मिटवायला मी एक अख्खा तुकडा तोंडात टाकला.

“बेन, जराक ज!” (थोडंसंच!) चाचा ओरडले, पण उशीर झाला होता.

आधी चटका बसला, मग मुंग्या आल्या, मग तोंडात लाळेचा पूर. जीभ परक्याची झाली. शिकवण्यावर पोट असलेली बाई मी, आणि एक अक्षर फुटेना. रुमाल पिशवीत तळाला होता. मी नुसते ओठ हलवले. सुपडूभाऊंनी पिशवीत हात घालून, भाकरीच्या रिकाम्या फडक्याखालून रुमाल काढून दिला. मी ओठांनीच म्हटलं, माल खरा आहे, घ्या. ते म्हणाले, “बरं, किती लेऊ?”

पाव तासाने जीभ परत आल्यावर मी विचारलं, “तुम्हाला कळलं कसं?”

“त्यात काय? खातामा (मागाच्या कारखान्यात) कानले काही ऐकू येत नई. आम्ही वीस वरीस ओठच वाचतस.”

मी रस्त्यातच थांबले. “मग दाजींशी बोललात का आजारपणात?”

ते ओशाळले. “दवाखानामा लांबून दखं (पाहिलं). वहिनी बोलनी, त्यासले बोलता येत नई. म्हनं, उगाच तरास कसाले?”

मी त्यांना रिक्षात जवळजवळ कोंबलंच.

घरी सुपडूभाऊ चूळ भरून खाटेसमोर पाटावर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. आवाज न काढता ओठ हलवले. दाजींचेही हलले. मग दाजींचा डावा हात हवेत फिरला आणि सुपडूभाऊ खळखळून हसले. ताई हातात परात घेऊन तशीच उभी.

“काय बोलनात?”

“नाना म्हंतस, खोली सोडू नको. डावा हातवरी बॉबिन भरसू.”

ताईने परात खाली ठेवली. मग म्हणाली, “अन् मी ताट आनस तवय रोज म्हंतस ते काय? मी पानी देस ते?”

सुपडूभाऊंनी विचारून घेतलं आणि मान खाली घातली. “वहिनी, नाना इचारतस, तू जेवनी का?”

ताई रडली नाही, चिडली. “मंग रोज पानी कसाले पेतस?”

दाजींचे ओठ हलले. सुपडूभाऊ म्हणाले, “तू देस म्हनीसन.” (तू देतेस म्हणून.)

मी मात्र रडले, भरपूर.

पुढचे तीन दिवस ताई दाजींच्या समोर पाट टाकून त्यांचे ओठ वाचायला शिकत बसली. चुकली की सुपडूभाऊ सुधारत. मी मुळी कुटली, कापडातून गाळली, किती चिमूट ते डॉक्टरांना विचारून घेतलं आणि डबीत भरून दिली. ताईने दिरांना फोन करून सांगितलं की आम्ही येत नाही, आणि का विचारल्यावर म्हणाली, “त्यासनी सांगं.” (त्यांनी सांगितलं.)

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडू पाहत होते की मुळीने काय केलं. माझ्या शास्त्रात याला उत्तर नाही. झाड मी भिंगाखाली नीट ओळखलं, पण घरातल्या माणसाचं बोलणं ओळखायला मला आधी स्वतःची जीभ गमवावी लागली, हे कबूल करायला हवं.

व्याऱ्याच्या पुढे ताईचा व्हिडिओ कॉल आला. नेमकी शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत होती. ताई काहीतरी ओरडून सांगत होती, एक शब्द ऐकू येत नव्हता. तिने वैतागून फोन दाजींपुढे धरला. ते काही म्हणाले. मला उमगलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, आणि या वेळी समजलं.

“तुनी मुळी लई तिखट शे.”

मालगाडी अजून जातच होती. मीही आवाज न काढता ओठांनीच सांगितलं, “तरी लावा.”