पंपहाऊसची टर्की

माझी नोकरी एकदा एका कोंबड्याच्या शेपटीला चिकटली होती. कोंबडा कागदाचा होता.

साठ सालानंतरची गोष्ट. कतारमध्ये, दोह्यापासून लांब वाळूत, तेल कंपनीची वसाहत होती. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात मी क्लार्क होतो. आमचे मोठे साहेब अमेरिकन. त्यांच्या मॅडम घराच्या व्हरांड्यात दहा-बारा मुलांची शाळा घेत आणि आमची सात वर्षांची जुबेदा तिथे जाई. एका सोमवारी ती एक चित्र घेऊन आली. गुरुवारी म्हणे त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण, त्यासाठी प्रत्येकाने कागदाची टर्की करून न्यायची. एकेका पिसावर लिहायचं, आपण कशाबद्दल आभारी आहोत ते.

आम्ही कोणी टर्की पाहिली नव्हती. माझ्या बायकोने, रुकय्याने, चित्र लांब धरून पाहिलं. म्हणाली, "कोंबडाच हाय. जरा सुजलाय."

रंगीत कागद वसाहतीत मिळेना. पण मी काही साधासुधा बाप नव्हे. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात लग्नाच्या मांडवाच्या पताका मीच कापायचो. (एकदा तर नवरदेव सोडून लोक पताका बघत बसले होते. निदान मी तसं सांगतो.) ऑफिसात जुन्या ब्लूप्रिंटांची रद्दी निघे, निळाशार जाड कागद, त्यावर पांढऱ्या रेघा. साहेबांना विचारून मंगळवारी एक गुंडाळी घरी आणली आणि पताकांच्या रीतीने कामाला लागलो. दोन कागद पाठीला पाठ लावून मैद्याच्या खळीने चिकटवायचे, म्हणजे दोन्ही बाजू रंगीत दिसतात आणि वाऱ्यातही सुटत नाहीत. अकरा पिसं झाली. जुबेदाने दहांवर लिहिलं. अकरावं रिकामं राहिलं.

"काय लिहू, अब्बा?"

"लिही, माझ्या अब्बाच्या नोकरीबद्दल मी आभारी आहे," मी म्हणालो. गुरुवारच्या कार्यक्रमाला साहेबही येणार होते ना.

बुधवारी सकाळी जुबेदा टर्की घेऊन शाळेत गेली, मी ऑफिसात. साहेबांनी विचारलं, "पंपहाऊसचं ड्रॉइंग कुठाय? माझ्या लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्यांचं?"

मी कपाट उघडलं. आत रद्दीची गुंडाळी बसली होती; म्हणजे घरी कापलं ते पंपहाऊस. दोन्ही गुंडाळ्या मीच सारख्याच सुतळीने, सारख्याच गाठीने बांधल्या होत्या. माझ्या टापटिपीचं ऑफिसात फार कौतुक होतं.

"सर, बाईंडिंगला दिलंय," मी म्हणालो. ऑफिसात बाईंडिंग मीच करायचो, हे साहेबांना ठाऊक नसावं अशी मी अल्लाकडे दुआ मागितली.

"शनिवारी सकाळी टेबलावर हवं. नाहीतर पुढच्या बोटीने तू मुंबईला."

दुपारच्या सुट्टीत धावत घरी आलो. रुकय्याला सगळं सांगितलं. कापून उरलेले तुकडे कुठायत म्हणून विचारलं, तर ते मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेले. दोघांनी फळ्या रिकाम्या केल्या. निम्मं पंपहाऊस हळदीसकट मिळालं.

"आता टर्की आण जा," ती म्हणाली.

"आणि पोरीला काय सांगू?"

सोमवारपासून जुबेदा टर्कीशिवाय दुसरं काही बोलत नव्हती.

तरी गेलो. पीस सुटलंय, चिकटवून देतो, अशी थाप मनात तयार होती. आमची टर्की व्हरांड्यात सगळ्यांत उंच टांगलेली. मॅडम हरखल्या. "तुम्ही मदतीला आलात!" म्हणून त्यांनी इतर मुलांच्या सहा लुळ्या टर्क्या माझ्यापुढे ठेवल्या. मी निमूट चिकटवल्या. जाताना आमच्या टर्कीचं एक पीस हळूच ओढून पाहिलं. हललंसुद्धा नाही. स्वतःच्या कसबाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

गुरुवारी साहेब पहिल्या खुर्चीवर. जुबेदा आपली टर्की धरून उभी राहिली आणि एकेक पीस वाचू लागली. आईबद्दल आभारी, शेळीबद्दल आभारी, समुद्राबद्दल आभारी. चौथ्या पिसाला साहेब पुढे झुकले. सहाव्याला त्यांनी चष्मा लावला. तिथे त्यांच्याच लाल अक्षरात 'आठ इंची पाईप' लिहिलं होतं. मी रुकय्याचा हात धरला. साहेब उठून टर्कीसमोर जाऊन वाकले. जुबेदाला वाटलं, नीट ऐकायला आले. तिने अकरावं पीस त्यांच्या नाकासमोर धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "माझ्या अब्बाच्या नोकरीबद्दल मी आभारी आहे."

साहेबांनी एकदा पिसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग जुबेदाकडे. ती हसत होती.

"बाईंडिंग," ते मला म्हणाले, "फार पक्कं आहे."

शुक्रवार मी मॅडमच्या व्हरांड्यात घालवला. मांडीवर टर्की, शेजारी हळद लागलेले तुकडे, समोर कोरा कागद. एकेका पिसावरून पंपहाऊस उतरवून काढलं. टर्की फाडायची नाही, अशी जुबेदाची सक्त ताकीद होती, आणि मॅडम तिच्या बाजूने. शनिवारी ड्रॉइंग टेबलावर गेलं. नोकरी वाचली.

पुढे ते पंपहाऊस बांधलं गेलं. त्यात एक पाईप सरळ जाता जाता अचानक वर वळतो, थोडा फुगतो आणि परत खाली येतो. नवे इंजिनिअर त्याच्यासमोर उभे राहून तासन् तास डोकं खाजवायचे, यामागे काहीतरी गहन विचार असणार म्हणायचे. मीही गंभीरपणे मान हलवायचो. पिसावर त्या जागी कागद फुगला होता; माझी खळ जरा जास्त झाली होती.