घरची यादी, पाहुण्यांची यादी

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला ऑफिसात होतो. आदल्या रविवारीच मी त्याला जळकोटला जाऊन सांगून आलो होतो, की आता काही बिघडणार नाही. याला पाच आठवडे झाले. माझं ते वाक्य काही केल्या कानातून जात नाही.

तंत्रनिकेतनात आम्ही एका खोलीत राहायचो. तेव्हाच त्याने मजकूर लिहायचा, नुसत्या कळांवर चालणारा एक जुना टेक्स्ट एडिटर धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. माउसला हात लावणारा त्याच्या लेखी आळशी, आणि त्यात मी पहिला. पुढे मी नोकरीला लागलो, तो जळकोटला तहसीलसमोर टायपिंगला बसला. एडिटरच्याच स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या, भाषेत त्याने अशी सोय केली होती, की दोन अक्षरं दाबली की शपथपत्राचा अख्खा परिच्छेद उमटायचा. मला फोन करून विचारायचा, "साहेब, तुमच्या कंपनीत हाय का असं?" नव्हतं. मी जळायचो, हे आज कबूल करतो.

मग अंगातलं बळ हळूहळू नेणारा आजार जडला, त्यात आधी हात गेले, मग वाचा. उरलं उजव्या हाताचं एक बोट. त्याने तीच स्क्रिप्ट घरासाठी वळवून घेतली. कळ दाबली की घंटी वाजायची, पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य यायचं आणि त्याची बायको, म्हणजे शोभावहिनी, येऊन वाचायच्या. पहिली कळ, "दम लागतोय, उठवून बसव." दुसरी, "पाणी दे." ही वाक्यं एका डिक्शनरीत होती. त्या भाषेत डिक्शनरी म्हणजे नावं लावलेले खण. खणात मजकूर असतो, तसं तो दाखवणारं फंक्शनही असतं. फंक्शन बिचारं आपल्या डिक्शनरीत जे सापडेल ते दाखवतं.

लोक भेटायला आले की मन्मथ नुसता बघत बसायचा. ते त्याला फार लागायचं. म्हणून मी पाहुण्यांसाठी दुसरी यादी करून दिली. घरच्या डिक्शनरीची कॉपी घेतली, आणि पाहुणे आले की वहिनींनी एक कळ दाबून यादी बदलायची, मग तिच्यात त्यांच्यासाठीची वाक्यं भरली जातील असं केलं. पहिल्या कळीवर त्याने स्वतः सांगितलेलं वाक्य होतं, "बरं हाय आता. चहा घेऊन जा."

थोड्याच दिवसांत वहिनींचा फोन आला. "भाऊजी, मशीन काहीबी लिहून राहिलं. ह्यांनी पाणी मागितलं की 'बसा' म्हणतंय."

रविवारी गेलो. एडिटर बंद करून पुन्हा चालू केला, एकेक फंक्शन चालवून पाहिलं. सगळी बरोबर. चार तास फंक्शनांतच डोकं घालून बसलो... मन्मथने एका बोटाने, बराच वेळ घेऊन, दोन शब्द लिहिले : कॉपी बघ. मी वैतागलो होतो. "केलीय की कॉपी. एवढं बी कळत न्हाई का मला?" त्याने डोळे मिटून घेतले. मला बस गाठायची होती.

गुरुवारी पाहुणे येऊन गेले. वहिनींनी यादी पुन्हा घरची केली आणि त्या आत कप विसळायला गेल्या. घंटी वाजली. त्यांनी दारातून वाचलं, "बरं हाय आता," आणि त्या समाधानाने परत वळल्या. घंटी पुन्हा वाजली. पडद्यावर तेच होतं. तिसऱ्यांदा ती वाजली नाही.

परवा जळकोटला गेलो आणि चूक दहा मिनिटांत सापडली. माझी कॉपी वरवरची होती. मसाल्याचे डबे दोन केले, पण आतल्या वाट्या दोन्हींत त्याच, असं झालं होतं. पाहुण्यांची वाक्यं भरली की घरचीही बदलायची. एडिटर नव्याने चालू केला की घरची पुन्हा जागेवर, म्हणून माझ्यासमोर चूक आलीच नाही. आतपर्यंत कॉपी करणारं फंक्शन त्या भाषेत आहे. एक शब्द बदलायचा होता, आणि तो मन्मथला माहीत होता. मी तो बदलला. आता कुणासाठी, ते विचारू नका.

लॅपटॉप अजून पलंगाशेजारी स्टुलावरच आहे. पहिल्या कळीवर, त्याला पटकन दिसावी म्हणून वहिनींनी लावलेली लाल टिकली बोटाने झिजली आहे. वहिनींनी पाहुण्यांची यादी लावली, पुन्हा घरची केली आणि टिकलीवर बोट ठेवलं. घंटी वाजली. "दम लागतोय, उठवून बसव."

त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या दिवशी त्यांनी हेच म्हणलं होतं?"

"हाव, वहिनी."

रिकाम्या पलंगावरची उशी त्यांनी उचलली, भिंतीला उभी टेकवली, आणि ती घसरू नये म्हणून हाताने धरून उभ्या राहिल्या.