मान देण्यात गेलेली दोन मिनिटं

मिसिसिपीच्या नकाशावर आमचं पिल्ग्रिम बेंड भिंग लावूनही सापडायचं नाही. नदीच्या वळणावर थोडी घरं, एक चर्च, चर्चला चिकटलेला हॉल आणि कधीचं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग. राजधानीतल्या लोकांनी भिंग लावायची तसदी कधी घेतलीही नाही. त्यांना आमची आठवण झाली ती एकदाच, आमचं मतदान केंद्र बंद करायचं ठरवलं तेव्हा.

ते केंद्र मिस ओझेला ग्रेडी यांचं. कागदावर ते काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीचं होतं, पण कागदाला कोण विचारतं. मिस ओझेलांनी उमेदीची सगळी वर्षं मासे कापायच्या कारखान्यात घालवली. बर्फाच्या पाण्यात सुरी धरून धरून उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. पण निवडणुकीच्या दिवशी त्या सुटी टाकायच्या, चर्चची निळी टोपी घालायच्या आणि हॉलच्या टेबलामागे बसायच्या. पहिलं मत त्यांचं. मग दिवसभर बाकीच्यांचं. कोणी पोरगी किंवा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला आला की त्या उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या, "हिचं पहिलं मत आहे." मग रांगेतले, खुर्चीतले, केक खात बसलेले सगळे टाळ्या वाजवायचे. माझ्यासाठीही वाजवल्या होत्या. मी लाजले होते, आणि मी लाजणाऱ्यांतली नाही.

त्याआधी आमच्याकडे मतदान व्हायचं गोऱ्या जमीनदाराच्या दुकानात. मालक ओसरीवर खुर्ची मागे रेलून बसायचा आणि कोण आलं ते नुसतं बघायचा. तोंडाने काही बोलायचा नाही. पुढच्या आठवड्यात त्या माणसाला पीठ उधार मिळायचं नाही, एवढंच. मिस ओझेलांची आई त्या ओसरीची पायरी एकदाच चढली आणि मत न देता तशीच उतरली. म्हणून मतदान चर्चच्या हॉलमध्ये आणायला आमची आधीची पिढी भांडली. मिस ओझेला त्या भांडणातल्या शेवटच्या. बाकीचे चर्चच्या मागे, गवताखाली.

तर विधेयक आलं. ज्या केंद्रावर नावं कमी, ते बंद. सगळ्यांनी काउंटीच्या गावी जायचं, सव्वीस मैल. कारणं दोन दिली होती, खर्च वाचेल आणि गैरप्रकार टळतील. आमच्या हॉलमधला सर्वांत मोठा गैरप्रकार म्हणजे चर्चचे कारभारी डीकन ह्यूबर्ट यांनी एकदा केकचे तीन तुकडे उचलले होते.

राजधानीत, जॅक्सनला, विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी ठेवली. कोणीही यावं, दोन मिनिटं बोलावं. मी चर्चची व्हॅन काढली. मिस ओझेला पुढे, माझ्या शेजारी.

"दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही," मी म्हटलं. "उभं राहिल्याबरोबर मुद्द्यावर या. आईची पायरी सांगा. सव्वीस मैल सांगा. बस."

"आणि नमस्कार चमत्कार?"

"काही नको."

"दुसऱ्याच्या घरात जायचं आणि मान न देता तोंड उघडायचं? रोवेना, तुला आईने वाढवलं की कोंबड्यांनी?"

मागून डीकन ह्यूबर्ट म्हणाले, "कोंबड्यांनाही वळण असतं, मिस ओझेला."

व्हॅन हसली. मी हसले नाही. आमच्या चर्चमध्ये उभं राहून बोलायचं तर आधी मान द्यायचा. देवाला, पाळकांना, वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांना. त्याशिवाय बोललेलं कोणी धरत नाही. ही रीत मलाही ठाऊक आहे. पण ती आमच्या छताखाली चालते. त्यांच्या छताखाली घड्याळ चालतं, हे मी बाईंना तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी खिडकी खाली केली आणि वाऱ्याकडे तोंड केलं.

समितीची खोली गार होती. अध्यक्ष गोरा, गुबगुबीत, गोड बोलणारा. असल्यांचीच मला जास्त भीती वाटते. नाव पुकारलं तशा मिस ओझेला काठी टेकत माइकपाशी गेल्या. टोपी नीट केली.

"सर्वांत आधी मान देवाला, जो माझ्या आयुष्याचा धनी आहे."

"आमेन," आम्ही म्हणालो. आपसूक निघालं.

"मान या सभेच्या अध्यक्षांना. मान त्यांच्या उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या सभासदांना. मान त्या मुलीला, जी सगळं टिपून घेते आहे आणि जिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं दिसत नाही."

"खरंय," डीकन म्हणाले.

प्रत्येक मानानंतर त्या थांबायच्या, आमच्या उत्तरासाठी. आणि आम्ही गाढवं उत्तर देत होतो. मी डीकनना कोपर मारलं तर त्यांना वाटलं मी जोर मागते आहे, ते आणखी मोठ्याने म्हणाले. मान पाळकांना, जे आजारी आहेत. मान रोवेनाला, जिने गाडी चालवली. आणि मान माझ्या आईला, जी—

माइक बंद झाला.

"वेळ संपली, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "फार सुंदर बोललात."

मिस ओझेला माइककडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी अजून सुरूच केलं नाही." ते पहिल्या दोन रांगांपलीकडे ऐकू गेलं नाही. मी उठून ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही, पाळकांच्या हातात हे जायचं आहे. दारावरच्या शिपायाने मला बाहेर काढलं.

बाहेर भिंतीवरच्या पडद्यावर आतलं दिसत होतं. आमच्यानंतर विद्यापीठातला एक वकील उभा राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सव्वीस मैल, गाडी नसलेली घरं, म्हातारी माणसं, सगळं दोन मिनिटांत, एक शब्द वाया न घालवता. मी सांगितलं होतं तसंच. अध्यक्ष त्यालाही म्हणाले, "फार सुंदर बोललात." मग हात वर झाले. विधेयक पुढे गेलं. हात वर करणाऱ्यांतला एक जण पूर्ण वेळ फोनमध्ये बघत होता, त्याने हातही न बघताच वर केला.

परतताना व्हॅनमध्ये मिस ओझेला म्हणाल्या, "माझ्यामुळे गेलं का गं?"

मला हो म्हणायचं होतं. हो म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग पुढच्या वेळी सुधारता आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "ते आधीच गेलं होतं."

हे त्यांना जास्त लागलं, असं मला वाटतं.

विधेयकाचा कायदा झाला आणि नोव्हेंबरची निवडणूक आली. काउंटीने हॉलच्या दाराला तळहाताएवढा कागद चिकटवला होता, मतदान कुठे ते सांगणारा. कोण वाचतो. मिस ओझेलांनी ओळखलं की माणसं सवयीने इथेच येणार. म्हणून त्या पहाटेच टोपी घालून हॉल उघडून बसल्या, केक आणि कॉफी मांडून. आलेल्याला सांगायचं, बस, व्हॅन येते आहे. मी माणसं भरायची, सव्वीस मैल न्यायची, तिथल्या शाळेच्या व्यायामशाळेतली रांग संपेपर्यंत थांबायचं, परत यायचं. प्रत्येक खेपेला मी म्हणे, "चला, आता तुम्ही." त्या म्हणत, "ती बघ मिसेस टॉलिव्हर आली. तिचे गुडघे धरलेत. तिला ने." काही जण केक खाऊन, रांगेचं ऐकून तसेच घरी गेले. त्यांना मी शिव्या दिल्या. उपयोग झाला नाही.

शेवटच्या खेपेला त्या एकट्याच उरल्या. कॉफीचं भांडं धुतलं, दिवे मालवले, उरलेला केक कागदात गुंडाळला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. गावाच्या तोंडाशी रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी आडवी उभी. आमच्याकडे मालगाडी उभी राहिली की उभी राहते, कोणाच्या बापाला विचारत नाही. मी हॉर्न वाजवत राहिले. मिस ओझेला म्हणाल्या, "डब्यांना कान नसतात, पोरी."

पोचलो तेव्हा व्यायामशाळेचं दार लावून घेतलेलं. सात वाजून गेले होते. दारात काउंटीची एक तरुण गोरी बाई उभी होती.

"सातनंतर आलेल्यांना घेता येत नाही," ती म्हणाली. वाईट वाटत होतं तिला, ते खोटं नव्हतं.

मी तोंड सोडलं. मिस ओझेलांनी माझा दंड धरला, त्या आखडलेल्या हाताने.

"गप. सातला दार मीही लावायचे. ह्यूबर्टच्या सख्ख्या भावाला एकदा परत धाडलं होतं. तो पळत आला होता." मग त्या बाईकडे वळल्या. "सकाळपासून उभी असशील. काही खाल्लंस का?" आणि केक तिच्या हातात दिला.

ती बाई गोंधळली. खिशातून तिने मत दिलेल्यांना मिळतो तो गोल स्टिकर काढला. "निदान हा तरी घ्या, मॅम."

मिस ओझेलांनी तो घेतला, दिव्याखाली धरून पाहिला. इतकी वर्षं असे हजारो त्यांनी लोकांच्या छातीवर लावले असतील. त्यांनी तो तिच्या तळहातावर परत ठेवला.

"हा दिलेल्यांचा असतो, बाळ."

व्हॅनपर्यंत त्या माझ्या आधाराने आल्या. आत बसल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली. निवडणुकीच्या दिवशी त्यांची टोपी उतरलेली मी कधी पाहिली नव्हती. परतीच्या वाटेवर फाटक उघडं होतं, रूळ मोकळे.