इजिप्तच्या नाटकाला बाबा हसले

जयंतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं रिकामी होती, आणि मी बाबांना सांगितलं की वेळ अजिबात नाही. गडबडीत नव्हे, नीट विचार करून सांगितलं. कार्यक्रमाची यादी माझ्याच लॅपटॉपवर होती.

दोन हजार तेरा-चौदाची गोष्ट. मी मस्कतला एका कंपनीत इंजिनिअर होतो, माबेलाला राहायचो. बाबा दोन महिन्यांसाठी आले होते. एसटीच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. पण तालुक्यात लोक त्यांना ओळखायचे ते आमच्या वस्तीच्या जलशातला सोंगाड्या म्हणून. जलसा म्हणजे गाणी, सवाल-जवाब आणि मधे बतावणी. हसवता हसवता शिका, दारू सोडा, कुणापुढे वाकू नका, हे सांगणारी. तीस वर्षं त्यांनी ते केलं. मस्कतलाही हॉल घेऊन चौदा एप्रिलची जयंती साजरी होते हे कळल्यावर ते म्हणाले, "दहा मिनिटं दे. तुझ्या माणसांसमोर एकदा करून जातो."

माझी माणसं म्हणजे महाराष्ट्रातून आलेली आमची बौद्ध कुटुंबं, बहुतेक इंजिनिअर नाहीतर ऑफिसातली, कार्यक्रमाला सूट घालून येणारी. मला डोळ्यांपुढे दिसलं: बाबा धोतराचा सोगा दातात धरून कमरेत वाकलेत आणि पहिल्या रांगेत माझे सीनियर बसलेत. त्या दहा मिनिटांत मी गल्फमधल्या नोकऱ्यांवरचा एक स्लाइड शो घातला. बाबांनी शेवटच्या रांगेत बसून तो पूर्ण बघितला. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, "पडदा चांगला होता." त्यानंतर मी काही विचारलं तर फक्त हो किंवा नाही म्हणायचे. त्यांना परत जायला तीन आठवडे उरले होते.

माझ्या शेजारच्या गल्लीत ऑफिसातला एक इजिप्शियन इंजिनिअर राहायचा. ऑफिस लांब, म्हणून एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. त्याच्या आठवड्यात गाडीत इजिप्तच्या विनोदी नाटकांची रेकॉर्डिंग लागायची. दोन वर्षं मी ती सोसली. एक माणूस ओरडतो, दुसरा त्याच्यावर ओरडतो आणि भरलेलं थिएटर हसतं, एवढंच मला कळायचं. तो मात्र प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणायचा. ईदला त्याच्या घरी सगळे मिळून तीच नाटकं टीव्हीवर पुन्हा बघतात, वर्षानुवर्षं. "तू का हसत नाहीस, बाशमुहन्दिस?" तो विचारायचा. इंजिनिअरला ते आदराने असं म्हणतात. मी म्हणायचो, "भाषा येत नाही ना."

त्याचं कुटुंब इजिप्तला होतं, म्हणून एका शुक्रवारी त्याला दुपारी जेवायला बोलावलं. सीबच्या बाजारातली सुरमई होती. जेवण झाल्यावर त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "आज नुसता आवाज नाही, माणसंही बघ," म्हणाला आणि टीव्हीला लावला. बाबा सोफ्याच्या कडेला बसले होते, माझी मुलगी त्यांच्या पायाशी. मी म्हणालो, "बाबा, कंटाळा आला तर आत जाऊन पडा." ते हलले नाहीत.

नाटकात दक्षिणेकडचा एक खेडवळ नोकर कैरोच्या श्रीमंत घरात कामाला येतो. सुरुवातीला सगळे त्याच्या बोलण्याला हसतात. प्रेक्षक हसत होते, आमचा पाहुणाही. बाबा हसले नाहीत.

"गावंढळ आहे म्हणून हसतायत का त्याला?" त्यांनी मला विचारलं. मी पाहुण्याला इंग्रजीत विचारलं. हो, म्हणाला.

"मग हे आपल्याकडे चालायचं नाही. आपल्याकडे गावंढळाने साहेबाला हसायचं."

मी ते बिचकतच पाहुण्याला सांगितलं. तो बाबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यांना सांग, थांबा. अजून नाटक सुरू झालेलं नाही."

नोकर चहाचा ट्रे घेऊन आला. मालक म्हणतो बस, मालकीण म्हणते उभा राहा. बाबा पुढे सरकले.

"आता हा ट्रे खाली ठेवणार नाही," ते म्हणाले. "ट्रे ठेवला की हशा मेला."

खरंच त्याने ठेवला नाही. ट्रेसकट तो खुर्चीवर चढला, वाजणारा फोन कोपराने उचलला, आणि शेवटी ट्रे कसा कोण जाणे मालकाच्या हातात गेला. मालक आपल्याच घरात वाकून चहा देऊ लागला. बाबांनी मांडीवर थाप मारली. ते आणि पाहुणा एकाच क्षणी हसले.

थोड्या वेळाने नोकराने मालकाला काहीतरी विचारलं आणि मालक झालेला नट पाठ फिरवून उभा राहिला. मला वाटलं, रागाचा अभिनय आहे.

"हसतोय तो," बाबा म्हणाले. "खांदे बघ. हे लिहिलेलं नव्हतं, ह्याने आत्ता घातलं. त्या बिचाऱ्याला आवरेना. आता हा त्याला सोडायचा नाही."

नोकराने तोच प्रश्न आणखी भोळ्या चेहऱ्याने पुन्हा विचारला. मी बाबांचं बोलणं सांगितलं तशी पाहुण्याने नाटक थांबवलं.

"यांनी हे आधी पाहिलंय."

"नाही."

"मग अरबी येत असेल."

"त्यांना इंग्रजीही येत नाही."

"अरे, ही जागा खरंच संहितेत नाही. नट लिहिलेलं सोडून कधी जातो, यासाठीच आमच्याकडे लोक तेच नाटक पाच-पाचदा बघतात. यांना कसं कळलं?"

माझ्या मुलीलाही तेच विचारायचं होतं. "आजोबा, यू नो अ‍ॅरेबिक?"

"नाही गं. आमच्या धंद्यातली माणसं मला कुठेही ओळखू येतात."

आमच्या धंद्यातली. कैरोच्या रंगमंचावरचा तो नामांकित नट आणि आमच्या तालुक्यातला सोंगाड्या, एकाच धंद्यातले. बाबांनी ते बढाई मारून नव्हे, डेपोतल्या दुसऱ्या फिटरबद्दल बोलावं तसं म्हटलं. दोन वर्षं मी भाषेचं कारण सांगत आलो होतो, आणि बाबा एका दुपारीत त्या नाटकात शिरून बसले होते. कुठे हसायचं तेही त्यांना कळलं, कुठे हसायचं नाही तेही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की इंजिनिअर झालो त्या दिवशी स्वतःचाही वाटला नव्हता. मी पाहुण्याला सगळं सांगितलं. डेपो, जलसा, तीस वर्षं. सांगताना माझा आवाज मोठा झाला होता.

तो उठला, बाबांपाशी गेला आणि त्यांच्या डोक्यावर ओठ टेकले. इजिप्तमध्ये वडीलधाऱ्यांना तसा मान देतात. मग माझ्याकडे वळला. "दोन वर्षं माझ्या शेजारी बसतोस आणि हे सांगितलं नाहीस? तू गाडीत सांगायचास त्या तुमच्या जयंतीला यांनी काय केलं?"

मी टीव्हीचा रिमोट शोधू लागलो. मुलीने प्रश्न मराठीत करून आजोबांना सांगितला. बाबांनी पाहुण्याकडे बघून हात हलवला आणि त्याला कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "टाइम नहीं था. बडा प्रोग्राम था."

रंगमंचावर जोडीदार वाक्य विसरला की दुसरा त्याला असाच सांभाळून घेतो. बाबांना सगळं माहीत होतं. स्लाइड शो सुरू झाला तेव्हाच कळलं असणार. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी म्हणालो, "चहा घेऊ या." ही माझी दुसरी चूक.

पुढच्या शुक्रवारी अल मवालेहला एका घरी बुद्धवंदना होती. पंचवीसेक माणसं असतील. मी यजमानांना आधीच विचारून ठेवलं होतं: वंदनेनंतर बाबांची बतावणी, हवा तितका वेळ. इजिप्शियन मित्र मागे मुलांमध्ये मांडी घालून बसला होता. बाबांना वाटेत सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता कशाला?" पण तिथे पोचल्यावर यजमानांकडे एक धोतर मागितलं.

ते आत तयार होत होते तेव्हा मी ठरवलं की आधी मी बोलायचं. लोक हसल्यावर, टाळ्या पडल्यावर माफी मागणं सोपं होतं. बाबा बाहेर आले. मी उभा राहिलो. पहिल्या रांगेत तेच सीनियर होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"बाबा, जयंतीला वेळ होता. दहा मिनिटं रिकामी होती, यादी मीच केली होती. मला तुमची लाज वाटली, म्हणून मी खोटं बोललो. या सगळ्यांसमोर सांगतो, चुकलं माझं. मला माफ करा."