सामानासकट विकणे आहे

मिग्दालियाला हवानात कोण ओळखत नाही? प्रादो रस्त्यावरच्या झाडांखाली, गळ्यात जाहिरातींचा पुठ्ठा अडकवून, घरांची दलाली करण्यात तिची हयात गेली. कोणाला दोन खोल्या देऊन एक मोठं घर पाहिजे, कोणाला सासूपासून लांब पाहिजे, सगळ्यांचं तीच जुळवून द्यायची. खोटं कधी बोलली नाही. छत गळत असेल तर गळतं म्हणायची, आणि तरी घर खपवून दाखवायची.

एका माणसाच्या नावावर एकच घर, असा कायदा. नवराबायकोला मिळूनही एकच. मग लोक काय करतात? घटस्फोट घेतात. नुसता कागदावर. संध्याकाळी परत एकाच पातेल्यातला राजमाभात खातात, एकाच पलंगावर झोपतात. मिग्दालियाने कितीतरी जोडप्यांना ही वाट दाखवली होती.

आई गेली तेव्हा आईची खोली तिला मिळणार होती. तेव्हा तिनेही तेच केलं. फ्लॅट नवऱ्याच्या, एलिएसेरच्या नावावर गेला, खोली तिच्या. वकिलाकडून निघाल्यावर दोघं आइस्क्रीम खाऊन, हात धरून घरी आले. पुढे तिने ती खोली विकली आणि सगळा पैसा फ्लॅटात घातला. नवं छत, नवी मोरी, ओट्यामागे निळ्या फरशा. आपल्या नावावर आता वीटसुद्धा उरली नाही, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. कशाला येईल? नवराच होता ना तो.

हल्ली अर्धं शहर देश सोडून चाललंय. भाव घसरलेत आणि जाहिराती मोबाइलवर गेल्यात. शेजारच्या बाकावरची यानेइसी मोबाइलवरच धंदा करते. परवा म्हणाली, "मावशी, हे बघ, फुकटात मिळाल्यासारखं आहे. बाल्कनी, नवी मोरी, सामानासकट. मालक एकटाच, घटस्फोट झालेला. निघायची घाई आहे म्हणे."

मिग्दालियाने बघितलं. निळ्या फरशा. पलंगावर तिने विणलेली चादर. खुर्चीवर तिचा झगा. फोटो काढताना तेवढाही उचलला नव्हता मेल्याने.

पोरीला तिचा चेहरा बघून कळलं. "मावशी, शप्पत, मला माहीत नव्हतं गं."

"गिऱ्हाईक कधी येणार?"

"आजच. दुपारी."

ती घरी पोचली तेव्हा गिऱ्हाईक आत होतं. जाडजूड बाई, घडीच्या पंख्याने वारा घेत होती. मागे तिचा नवरा. एलिएसेर दाढीबिढी करून उभा. मिग्दालियाला दारात बघून क्षणभर गडबडला, मग हसत म्हणाला, "या, या. ह्या मिग्दालियाबाई. दलाल आहेत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला अहोजाहो केलं.

जाड बाई खूश झाली. "बरं झालं भेटलात. खरं सांगा हं बाई, घरात काही भानगड नाही ना?"

"छत चांगलं आहे," मिग्दालिया म्हणाली. "पाणी एक दिवसाआड येतं. आणि मी इथं राहते. तो झगा माझा आहे."

बाईने पंखा मिटला. नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोघं जिना उतरले.

"झालं समाधान?" एलिएसेर ओरडला. "तिकडे पोचलो की तुला बोलावणारच होतो मी!"

"आणि तोवर मी कुठं झोपणार होते रे? प्रादोच्या बाकावर?"

"उगाच तमाशा नको. तूच सांगायचीस ना लोकांना, घटस्फोट म्हणजे नुसता कागद असतो म्हणून?"

तीच सांगायची. ज्याच्याकडे बघून सांगायची, तोच समोर उभा होता.

तो भावाकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, "बस घरात. किती दिवस बसशील? धंद्याला जाशीलच की."

ती गेली नाही. यानेइसी रोज खालून हाक मारते. मिग्दालिया बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली सोडते आणि पाव वर ओढून घेते. पोरीने ती जाहिरात आपल्या मोबाइलवरून काढली, पण ती अजून दहा ठिकाणी फिरतेय, भाव आणखी उतरवून. एलिएसेरकडे किल्ली आहे. जिन्यात पावलं वाजली की मिग्दालिया दाराशी जाते आणि दोन्ही हातांनी कडी धरून उभी राहते.