उभ्यानं जेवणारा माणूस

लग्न होऊन मी उदगीरजवळच्या त्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, आमचे हे उभ्यानं जेवतात. भिंतीतल्या कोनाड्यात ताट, हातात भाकरी, पाठ ताठ. बाकी सगळं घर खाली बसून जेवायचं. मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, हे खाली कामून बसत न्हाईत?"

"फौजेची सवय हाय," त्या म्हणाल्या आणि कालवण वाढायला लागल्या.

माझा स्वभाव मुळातच चौकशीखोर. माहेरी, बिलोलीकडं, आई म्हणायची, हिला प्रश्न विचारायची मजुरी मिळाली असती तर माडी बांधली असती. दुसऱ्या दिवशी मी यांनाच गाठलं. "अख्खी फौज उभ्यानं जेवते का हो? मंग एवढे कोनाडे कुठून आणता?"

"लई इचारून राहिलीस," हे म्हणाले. हसले मात्र नाहीत.

लढाईत यांच्याजवळ सुरुंग फुटला होता. उजव्या खुब्यात आणि गुडघ्यात लोखंडाचे तुकडे घुसले, काही निघाले, काही आतच राहिले. फौजेनं घरी पाठवलं. जखमेची पेन्शन मिळायला हवी होती, पण त्यासाठी डॉक्टरांचा बोर्ड बसतो, माणसाला तपासतो आणि अपंगपण किती टक्के ते ठरवतो. ठराविक टक्क्यांच्या खाली भरलं की पेन्शन नाही. यांचं दर वेळी खालीच भरायचं. मग अपील, मग वाट बघणं, मग पुन्हा बोर्ड. माझ्या लग्नाच्या आधीपासून हे असंच चाललं होतं. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण ज्यानं काढली त्याचं नशीब बरं असणार, सहा महिन्यांत काम झालं म्हणायचं त्याचं!

त्यात लातूर नवा जिल्हा झाला आणि आमचा तालुका त्यात गेला. गावात गुलाल उधळला. आम्हीही खूश, ऑफिस जवळ आलं म्हणून. कशाचं काय! जुन्या जिल्ह्यात म्हणायचे, फाईल लातूरला धाडली. लातूरला म्हणायचे, आलीच नाही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि पाऊस नसल्यामुळं दोन्ही कोरडे.

दुष्काळात शेतातलं काम संपलं. मी रोजगार हमीवर खडी फोडायला जायला लागले. एके दिवशी हेही आले, हातोडा घेतला. पण उभ्यानं कुठं खडी फुटते? कमरेत वाकून दोन-चार घाव घातले तोवर चेहरा पांढरा पडला. मुकादम चांगला होता. "सायब, तुमी ऱ्हाऊ द्या," म्हणाला. त्या दिवशी कोनाड्यातलं ताट तसंच राहिलं.

मग मीच लातूरला जाऊन धडकले. माजी सैनिकांच्या ऑफिसातला कारकून म्हणाला, "ताई, जुन्या जिल्ह्याच्या फायली ट्रकनं आल्यात. पोत्यात. पोती सोडायची हायत अजून."

"दाखवा की पोती," मी म्हटलं. मला खरंच बघायचं होतं.

जिन्याखाली ती रचून ठेवली होती, तोंडं सुतळीनं शिवलेली, ज्वारीची असतात तशीच. मला गंमतही वाटली आणि रडूही आलं. किती माणसांची चूल त्या पोत्यांत कोंडली होती, देव जाणे. मी पदर खोचला आणि म्हटलं, "सोडा एकेक, मी बसते मदतीला." कारकून आधी हसला, मग त्यानं खरंच पोती सोडली. दोन-तीन खेपा झाल्या तेव्हा फाईल सापडली. त्यानं ती चाळली आणि माझ्याकडं बघून आवाज खाली आणला. "आता बोर्डाचं बोलावणं येईल, ताई. पण हे शेवटचं हां. ह्यात न्हाई झालं तर फाईल कायमची बंद."

बोलावणं आलं. बोर्ड दूरच्या छावणीच्या दवाखान्यात होता. मी म्हटलं, "मी बी येणार."

"बायका येत न्हाईत तिथं."

"बायकांना येऊ नका असं लिहिलंय का कुठं?"

टँकर दिवसाआड यायचा, तरी त्यातलं घागरभर पाणी यांच्या शर्टाला गेलं. भाताच्या पेजेची खळ, तांब्यात निखारे घालून इस्त्री. बुटाला एवढं पॉलिश केलं की त्यात माझं तोंड दिसावं. छातीवर पदकं लावली. मी मनात म्हटलं, बाई, हा माणूस दुखणं दाखवायला चाललाय की नवरदेव म्हणून?

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर फौजीच फौजी. कुणाचा हात वर होत नव्हता, कुणाची कंबर धरलेली. उठता-बसता "आई गं, आई गं" चाललेलं. मुदखेडकडचे एक काका काठी टेकत आले, "जय भीम, ताई," म्हणून कण्हत शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांचं नाव पुकारलं. काकांनी काठी भिंतीला टेकवली, मिशीवरून हात फिरवला, छाती काढली आणि आत गेले. खाड! बूट वाजला. "जय हिंद, साहब!"

मला वाटलं, म्हातारा येडाच आहे. मग दुसऱ्याचं नाव आलं, त्यानंही तेच केलं. तिसऱ्यानंही. अगं बाई, हे तर सगळेच! बाहेर सगळे लंगडे आणि आत सगळे धडधाकट. काका परत येऊन काठी शोधायला लागले तेव्हा मी विचारलं, "काका, काठी बाहेर कामून ठेवली हो? तीच तर दाखवायची."

काका माझ्याकडं बघतच राहिले. "सायबासमोर काठी घेऊन जायचं व्हय, पोरी?"

त्यांच्या आवाजात एवढं नवल होतं की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढी वर्षं पेन्शन अडली ती पोत्यात नव्हे, ह्या उंबऱ्यावर!

तेवढ्यात यांचं नाव पुकारलं. हे ताठ चालत आत गेले आणि मी पडद्याच्या फटीला डोळा लावला.

"चल के दिखाओ," टेबलामागचे डॉक्टरसाहेब म्हणाले. हे चालले, परेडला चालावं तसे.

"दर्द होता है?"

"नहीं, साहब."

"घुटना मुड़ता है?"

यांनी उभ्यानंच गुडघा थोडा वाकवला. मानेची शीर टरारून फुगलेली मला मागून दिसत होती. "मुड़ता है, साहब."

साहेबांनी पेन उचललं. माझं डोकंच फिरलं. पडदा सारला आणि सरळ आत शिरले. शिपाई "बाई, बाई" करत मागं आला.

"साहब, इनकू नीचे बिठाके देखो," माझ्या तोंडून आमच्याकडची हिंदी भडाभडा बाहेर पडली. "हम लोगां खाने कू बैठते ना, वैसा. मेरी शादी हुई तब से एक बार नै बैठे."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं. पेन खाली ठेवलं. "बैठो," म्हणाले.

हुकूम तो हुकूम. यांनी एकदाच माझ्याकडं नजर टाकली. मग खाली जायला लागले. उजवा पाय वाकेना, तो पुढं ताठ राहिला, हात हवेत आधार शोधायला लागला, आणि हे कुशीवर फरशीवर पडले. पदकं वाजली. उठायला बघितलं, जमेना. मी धावले तर माझा हात झटकला. शेवटी साहेब स्वतः टेबलाला वळसा घालून आले आणि बगलेत हात घालून यांना उठवलं.

"बताया क्यों नहीं?"

"आपने कहा चल के दिखाओ. चल के दिखाया, साहब."

परतीच्या एस्टीत हे माझ्याकडं पाठ करून बसले. परळीला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुश्मनानं बी मला असं पाडलं न्हवतं."

मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. "मंग लावा फायलीला कुलूप, अन् जेवा जन्मभर कोनाड्यात!" बोलून गेले आणि लगेच जीव तुटला माझा. उदगीर येईपर्यंत तोंडात पदर कोंबून रडले.

पेन्शन मंजूर झाली. कागदावर नव्या जिल्ह्याचा शिक्का होता. यांनी तो वाचला, माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. मी खडी फोडायला जायची थांबले. त्या दिवसाविषयी मात्र घरात कुणी बोललं नाही, आणि मी, चौकशीखोर म्हणून बदनाम असलेली बाई, मीही विचारलं नाही.

काही वर्षांनी फेरतपासणीचं बोलावणं आलं. नीट झालं नाही तर पेन्शन पुन्हा बंद. आदल्या दिवशी संध्याकाळी मी पाणी घेऊन आले तर घरभर पॉलिशचा वास. हे ओट्यावर पाय ताठ करून बसले होते, बूट घासत. शर्ट खळीत घातलेला. पदकं पुसून ठेवलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुन्हा तेच? पुन्हा तिथं ताठ उभं ऱ्हाणार का तुमी?"

"हाव," हे म्हणाले. बुटावर फुंकर मारली, परत घासायला लागले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मी तर सरळच उभा ऱ्हाणार. तू ठेवणीतलं लुगडं पेटीतून काढून ठेव. खाली बसवायला तूच पाहिजेस तिथं."